एका डोळ्याची चारुशीला

१२ ऑगस्ट, मंगळवार

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहिते. मत शेवटी. मत आधी लिहिलं की घटना त्याच्या सोयीने उभ्या राहतात, हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले. आज स्वतःला सांगते.

पहिली घटना. एप्रिलमध्ये वसंतरावांचा फोन आला. माझ्या निवृत्तीनंतर कला महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले हे गृहस्थ. सभागृहात माजी प्राचार्यांच्या तसबिरींची रांग आहे, तीत माझं व्यक्तिचित्र लावायचं ठरलं. रांगेतली पहिली स्त्री मी. अनावरण पाच सप्टेंबरला, शिक्षकदिनी.

दुसरी. चित्र कोणी काढावं हे मला विचारलं नाही, कळवलं. हर्षा, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा प्रीतम विमानदुरुस्तीच्या कामात आहे. त्याच्या नोकरीमुळे दोघं दोन वर्षं इथिओपियात, अदिस अबाबाला होती. तिथे ही एका वृद्ध चर्च-चित्रकाराच्या हाताखाली शिकली. आता तो नागपुरात, विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, आणि हिचं काम हुडकेश्वरला, घराच्या गच्चीवरच्या खोलीत. सपाट पिवळी-तांबडी पार्श्वभूमी, सावली नाही, काळी ठाम बाह्यरेषा, आंब्याच्या कोयीएवढे डोळे — अशी तिची नवी व्यक्तिचित्रं सध्या फार गाजत आहेत. गाजणे हा गुण नव्हे.

तिसरी. जुलैभर दर रविवारी मी तिच्यासमोर बसायला गेले. पहिल्या रविवारी खुर्ची खरोखर तिच्या समोर होती. दुसऱ्या रविवारी गेले तर खुर्ची खिडकीकडे वळवलेली. "इकडून उजेड चांगला येते, मॅडम." दक्षिणेच्या खिडकीचा उजेड! तो व्यक्तिचित्राला निरुपयोगी असतो, हे तिला पहिल्या वर्षी मीच शिकवलं. तरी बसले. ही माझी नोंद.

चौथी. मधल्या काळात चित्र दाखवायला नकार. दर वेळी वर फडकं.

पाचवी. आज फडकं काढलं.

चित्रात मी बाजूने आहे. जांभळं नेसले आहे, मागे सपाट पिवळा. अंबाडा, चष्म्याची दोरी, मांडीवर लांबट दोन हात. नाक माझंच, वाद नाही. आणि एक डोळा. एकच. प्रचंड, काळ्या रेघेत बांधलेला, चौकटीबाहेर कुठेतरी लागलेला.

हर्षाने विचारलं, "कसं वाटलं, मॅडम?"

"मत कळवीन," म्हणाले आणि जिना उतरले.

१३ ऑगस्ट, बुधवार

मानेची रेघ एका दमात ओढली आहे. हनुवटीपासून खांद्यापर्यंत हात कुठेही उचललेला नाही. हे मान्य करते, म्हणजे पुढे जे लिहीन ते आकसाने लिहिलं असं कोणी म्हणू नये. (कोण म्हणणार? ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरीही.)

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला महाविद्यालयात गेले. वसंतरावांनी चित्राचा फोटो मोबाइलवर आधीच पाहिलेला. मैदानातच मोठ्याने — "क्या बात है मॅडम! एकदम नाण्यावरच्या राणीसारख्या दिसून राहिल्या तुम्ही! मी म्हणलंच होतं, पोरीच्या हातात जान आहे." भोवतीचे चार प्राध्यापक हसले. कौतुकाने हसले की आणखी कशाने, ते नीट पाहता आलं नाही. उन्हाची तिरीप होती.

घरी आल्यावर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती कलेवरचा जाड ग्रंथ कपाटातून काढला. काय खटकतं आहे ते मंगळवारपासूनच मला ठाऊक होतं. केवळ स्मृतीवर विसंबून आरोप करू नये, म्हणून पडताळा घेतला.

स्मृती बरोबर निघाली. तिथल्या परंपरागत चर्चचित्रांत संत, देवदूत, सज्जन हे समोरून काढतात, दोन्ही डोळे पूर्ण दिसतील असे. सैतान, छळ करणारे शिपाई, विश्वासघात करणारा शिष्य — हे बाजूने. एकच डोळा. भिंतीकडे पाहताक्षणी निरक्षर भाविकालाही कळावं, कोण कोणत्या पक्षाचा!

प्राचार्य डॉ. चारुशीला भोयर कोणत्या पक्षाच्या, हे आता सभागृहाच्या भिंतीवर कायमचं टांगलं जाणार.

हर्षाला हा संकेत माहीत नसेल, अशी शंका मी स्वतःच काढली आणि स्वतःच खोडली. दोन वर्षं तिथल्या चित्रकाराकडे शिकलेल्या बाईला हे माहीत नसणं म्हणजे चितार ओळीतल्या मूर्तिकाराला गणपतीची सोंड कुठे लावायची ते माहीत नसणं. शिवाय जागतिक कलेच्या पेपरात इथिओपियाला मी एक तास देत असे. अर्धा तास खडकात कोरलेल्या चर्चना, अर्धा चित्रांना. आपल्या जुन्या मराठीतलं हबसाण ते हेच, इथून सुरुवात. दोन डोळे आणि एक डोळा हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत असे. हर्षा पहिल्या बाकावर असे.

१६ ऑगस्ट, शनिवार

परिस्थिती तपासली. ती अशी.

संपूर्ण नागपुरात हे चित्र वाचता येणाऱ्या व्यक्ती दोन. ती आणि मी. बाकीच्यांना राणी दिसते.

तक्रार करायची तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की आठ दिवसांत अख्खं महाविद्यालय म्हणेल, मॅडमला राक्षसीण काढलं! आणि त्याच्या पुढचा प्रश्न कँटीनमध्ये विचारला जाईल: "पण काहून काढलं असेल गा?" मग उत्तरं शोधली जातील. लोकांना अशी उत्तरं शोधायला आवडतात.

गप्प राहायचं तर चित्र लागेल. मी गेल्यावरही ते तिथेच. पन्नास वर्षांनी एखादा वाचणारा विद्यार्थी सभागृहात येईल, मान वर करील, आणि त्याला कळेल.

वसंतराव यात सामील असावेत काय? नसावेत. त्यांचं तेवढं वाचन नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

हेतू काय असेल? अंतिम वर्षाच्या परीक्षणात तिच्या चित्राखाली मी शेरा लिहिला होता: "रेषा उसनी आहे." तो योग्य होता. आजही तोच लिहीन. त्या शेऱ्याचा राग इतकी वर्षं? माणसं यापेक्षा लहान गोष्टींचे राग यापेक्षा जास्त वर्षं जपतात, हे मी स्टाफरूममध्ये पाहिलं आहे.

मनोहररावांना फोटो दाखवला. संकेताचं मी काही बोलले नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याकडून निरपेक्ष मत मिळेल ही अपेक्षा चूक, पण घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "तूच आहे. कोणाचं ऐकून न घेणारी."

"हे बाजूने असल्यामुळे वाटतं का?"

"नाही. समोरूनही तशीच वाटते."

२० ऑगस्ट, बुधवार

इंदुताई आल्या. या माझ्या नणंदबाई. पोळ्यापासून महालक्ष्म्या उठेपर्यंत मुक्काम आमच्याकडे, मनीषनगरला. मोबाइलवरचा फोटो त्यांना मनोहररावांनी दाखवला. मी दाखवला नसता.

"काहून वं चारू, एकच डोया? दुसऱ्याले का झालं?"

"ती एक पद्धत आहे, वन्सं."

"कशाची पद्धत? रंग सरला असन पोरीचा!"

हसल्या आणि गवारीच्या शेंगा मोडत बसल्या. आठ दिवसांत नेमका प्रश्न विचारणारी ही पहिली व्यक्ती.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. मनोहरराव दर वर्षीप्रमाणे पुतळ्यांची मिरवणूक पाहायला इतवारीत गेले. गर्दीत चप्पल तुटली म्हणून एक पाय ओढत परत आले, पण मुद्रा प्रसन्न. इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडून घसा बसलेला. जेवताना म्हणाले, "पिवळी मारबत या वर्षी जोरदार होती. तुझं चित्रही पिवळंच आहे ना?"

ते थट्टेने बोलले. पण ताटावरून उठले मी.

दुपारी टीव्हीवर मिरवणूक दाखवत होते. नीट पाहिलं. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन्ही समोरून, डोळे टक्क उघडे. गावाची सगळी पीडा जिच्या अंगावर घालून गावाबाहेर जाळतात, त्या मारबतीलाही आपले लोक दोन डोळे देतात!

सोमवारी हुडकेश्वरला जाणार. पूर्वसूचना न देता.

२५ ऑगस्ट, सोमवार

शब्द विसरण्याआधी लिहिते.

अकरा वाजता पोचले. हर्षा गच्चीवर चिकट सरस आणि खडूची पूड काठीने कालवत होती. एका नव्या फळीला पांढरा थर द्यायचं काम. हात कोपरापर्यंत पांढरे. मला पाहून दचकली नाही. हे मी ध्यानात घेतलं. निरपराध माणूस अशा वेळी दचकतो.

बसायला सांगितलं. बसले नाही.

"संकेत तुला माहीत आहे," मी म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"माहीत आहे, मॅडम. तुमच्याच तासाला ऐकला पहिल्यांदा."

"म्हणजे हेतुपुरस्सर."

"हो."

ती नाकारील असं गृहीत धरून मी तीन मुद्दे बांधून नेले होते. दक्षिणेची खिडकी, झाकलेलं चित्र, पहिला बाक. "हो"साठी तयारी नव्हती. ती भांड्यात काठी फिरवत राहिली.

मग तीच बोलली. तिचे शब्द तिच्याच क्रमाने:

"पहिले समोरूनच काढलं होतं. तीनदा काढलं, तीनदा खरडलं. तुमचे दोन्ही डोळे आले ना, की माझा हातच थांबते. वाटते, आता म्हणाल — ही रेघ अशी काहून? मग मी ती रेघ पुसते. मग बाजूची. मग काहीच नाही उरत. मी तिकडे अनोळखी लोकांची पन्नास चित्रं काढली, मॅडम, असं नाही झालं. शेवटी तुमची खुर्ची खिडकीकडे वळवली. त्या दिवशी हात चालला."

"आणि संकेत?"

"तो नंतर आठवला. आठवला तेव्हा..." काठी थांबली. "खोटं नाही बोलत. बरं वाटलं."

बरं वाटलं! माझ्या तोंडावर!

"गुरुजींना फोटो पाठवला अदिसला," ती पुढे म्हणाली. "विचारलं, हे पाप झालं का? ते म्हणाले, बाजूनं काढलेला वाईटच असते म्हणून नाही. तो आपल्याकडे पाहत नाही. त्याच्याजवळ काही मागता येत नाही, एवढंच."

मी म्हणाले, तुझ्या गुरुजींचं मत मी मागितलेलं नाही. याला कोणत्या ग्रंथाचा आधार, तेही त्यांनी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "ग्रंथ नाही मॅडम. चहा पिता पिता म्हणाले."

तेवढ्यात प्रीतम चहा घेऊन वर आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, स्वभाव गोड. "घ्या मॅडम, बिना साखरेचा. या फोटोवरून आठ दिवस झाले आमच्या घरी झगडा चालू आहे. मी म्हणलं हिले, मॅडमले गॉगल लावून दे ना, झंझटच खतम!"

"तू खाली जा बरं," हर्षा म्हणाली.

तो गेल्यावर मी निर्णय सांगितला. हे चित्र लागणार नाही. दुसरं काढावं. समोरून, दोन्ही डोळे, आणि उसनी शैली नको. महाविद्यालयात शिकवलं तसं, छायाप्रकाशासह, शास्त्रशुद्ध. दोन सप्टेंबरपर्यंत.

तिचा चेहरा प्रथमच लाल झाला. "मग तुम्हीच काढा ना! तुमचं तुम्हीच काढा! कधी पाहिला नाही मी तुमच्या हातात ब्रश. आम्ही कोणीच नाही पाहिला."

प्रश्न अप्रस्तुत होता.

मग हर्षा आवाज खाली आणून: "काढते. दोन तारखेला आणते घरी."

जिन्यात माझा पाय घसरला नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण तसं वाटलं होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गॉगल!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मनोहररावांनी चितार ओळीतून मूर्ती आणली. आरतीच्या वेळी मी पाहत होते: डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर, बुबुळाची कडा कापरी. गर्दीच्या दिवसांत घाईने उघडलेले डोळे. बोलून गेले. इंदुताई टाळ्या वाजवता वाजवता: "देवाले तरी सोड वं!"

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वसंतरावांचा फोन. निमंत्रणपत्रिका छापायला गेली. "चित्र बदललं म्हणे मॅडम? का हुआ? आम्हाला तर पहिलंच पसंत होतं." त्यांना कोणी सांगितलं? हर्षाने? प्रीतमने? मी म्हणाले, तांत्रिक कारण. "अच्छा, टेक्निकल," ते म्हणाले आणि जास्त विचारलं नाही. ते कधी नव्हे ते कमी बोलले, याचा अर्थ लावते आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरण. उभं राहून पाय सुजले. कामाच्या गडबडीत मुखवट्यांकडे मी परीक्षकाच्या नजरेने पाहिलं नाही. पाहिलं नाही हे इंदुताईंच्या लक्षात आलं असावं, त्यांनी मला विडा जरा मोठा दिला.

२ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी महालक्ष्म्या उठल्या आणि हर्षा-प्रीतम गाडीतून दोन्ही फळ्या घेऊन आले. दोन्ही का? मी एकच मागितली होती. "जुनी माझ्याजवळ ठेवून काय करू? तुमची आहे, फाडा नाही तं जाळा," हर्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा थंड काहीतरी होतं. वसंतरावही आले होते. त्यांना मी बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून.

नवीन चित्राचं फडकं काढलं.

समोरून. दोन्ही डोळे. नाकाची सावली गालावर जितकी पडावी तितकीच. जांभळ्या साडीच्या निऱ्या एकेक मोजून. चष्म्याच्या काचेत खिडकीचा तुकडा. ओठांवर अत्यल्प स्मित — माझ्या निरोप समारंभाच्या छायाचित्रात आहे तेच.

"अब बनी ना बात!" वसंतराव. "मॅडम, रांगेत एकदम फिट्ट."

"आता कशी! दोन्ही डोयाची!" इंदुताईंनी चित्राभोवती बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जुन्या फळीवर त्यांनी टॉवेल टाकला, जणू ती न नेसलेली होती.

प्रीतम हर्षाकडे पाहत होता. हर्षा जमिनीकडे.

"मॅडम?" वसंतराव. "ओके ना? उद्या खिळे ठोकून घेतो."

मी म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत कळवते. ते चकित झाले. "आता अजून काय टेक्निकल?"

मनोहरराव सगळ्यांच्या मागे उभे होते. पाहुणे गेल्यावर चित्राजवळ आले, वाकून पाहिलं. "छान आहे," म्हणाले. थोड्या वेळाने, "हिची भीती नाही वाटत."

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी टॉवेल काढला. दोन्ही चित्रं जेवणघराच्या भिंतीला टेकवली. खुर्ची ओढून समोर बसले. परीक्षण करते तशी.

नवीन चित्र. प्रमाण: निर्दोष. छायाप्रकाश: निर्दोष. रंगसंगती, वस्त्र, त्वचा: निर्दोष. हात: निर्दोष. दोन तास शोधलं, एकही चूक सापडली नाही. आणि चित्रात कोणी नव्हतं.

माझ्याकडे पाहणारे ते दोन डोळे छायाचित्रातून उचललेले, त्यामुळे ते एका कॅमेऱ्याकडे पाहत होते. सभागृहातल्या रांगेतले माझे पूर्वसूरी असेच पाहतात. सगळे सज्जन, सगळे समोर, एकालाही मी ओळखत नाही — ज्यांच्या हाताखाली नोकरी केली त्यांनाही नाही.

लगेच दुसरा संशय आला. हाच तर खरा सूड नसेल? जुन्या चित्रात तिने मला परक्या देशाच्या नियमाने वाईट ठरवलं. नव्यात माझ्याच नियमांनी नाहीसं केलं. एकही चूक केली नाही, कारण मला बोलायला जागाच ठेवायची नव्हती. हे तिने जाणूनबुजून केलं काय? की समोर मी असले की तिच्या हातून एवढंच निघतं? दोन्ही शक्यता तपासल्या. निर्णय करता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या चित्राचा हेतू मला वाचता येत नाही.

मग जुन्या चित्राकडे वळले.

अपमान आहे. लेखी, कायमचा, आणि कबुली दिलेला अपमान. हे बाजूला ठेवून — ठेवता येत नाही, तरी ठेवून — पाहिलं. त्या सपाट पिवळ्यावर ती बाई बसली आहे आणि खोलीत दुसऱ्या कोणाला जागा नाही. रेघ उसनी नाही. ती तिथून आली, अदिसच्या त्या म्हाताऱ्याच्या हातून आली, पण माझ्या मानेपाशी येऊन वळली ती हर्षाची. त्या रेघेला त्याच्या भिंतीवर जागा मिळाली नसती आणि माझ्या वर्गातही नाही. एवढ्याशा काळ्या रेघेत तिने माझा ताठा, माझी निवृत्ती, खिडकीबाहेर कोण काय करतं आहे यावरचं माझं लक्ष — सगळं धरलं आहे. आणि तो एक डोळा काहीतरी शोधतो आहे. काय, ते मला माहीत आहे. दुसऱ्यांच्या चुका.

आपल्याकडे आधुनिक व्यक्तिचित्र म्हणजे काय यावर मी प्रबंध लिहिला. चारशे पानं. त्यात लिहिलं होतं की जुनी परंपरा आधुनिक चित्रात अलंकार म्हणून टिकते, शक्ती म्हणून नाही. ते विधान या फळीसमोर उभं राहत नाही. उभं करून पाहिलं, पडतं.

मी परीक्षक असते आणि चित्रातली बाई दुसरी कोणी असती, तर या चित्राला मी काय दिलं असतं? प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. मंगळवारी, बारा ऑगस्टला, जिना उतरतानाच उत्तर ठाऊक होतं. म्हणून तर इतका राग आला.

दुपारी इंदुताई आत आल्या, टॉवेल शोधत. दोन्ही चित्रांसमोर मला बसलेलं पाहून थबकल्या.

"काय चाललं वं?"

"यातलं कोणतं मी आहे, वन्सं? खरं सांगा."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "आता खरं विचारून राहिली तं सांगतो. ती एकडोयी तू आहे. पण लोकाइले काहून दाखवाचं?"

चार वाजता वसंतरावांचा फोन वाजला. उचलला नाही. पाच वाजता पुन्हा. खिळे ठोकणारा माणूस सभागृहात शिडीवर उभा असेल.

चित्र चांगलं आहे हे मला कळतं, आणि तरी वाईट चित्र लावू दिलं, तर मी आजवर दिलेला एकेक शेरा खोटा. आणि चांगलं लावलं, तर भिंतीवर मी कायमची त्या शिपायांच्या, त्या विश्वासघातक्याच्या पक्षाला.

सहा वाजून गेले. अजून कळवलेलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दोन पत्रं पाठवली. नक्कल इथे उतरवते.

प्राचार्यांस: जुनं चित्र माझ्या घरून नेऊन लावावं. नवीन हर्षाला परत द्यावं. चित्राखाली माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत चित्रकर्तीचं नाव असावं. कारण विचारू नये.

हर्षास: उद्याचा समारंभ आटोपला की रविवारी सकाळी नऊला मनीषनगरला ये. मी ब्रश भिजत घातले आहेत. केस कडक झाले होते, आता मऊ होत आहेत. मला तुझं व्यक्तिचित्र काढायचं आहे. खुर्ची माझ्या समोर असेल. तू माझ्याकडे पाहायचं आणि चुकेल तिथे बोलायचं. मी उत्तम काढीन असं आश्वासन देत नाही. येणार की नाही ते कळव. फोनवर "हो मॅडम" चालणार नाही, प्रीतमकडून निरोपही नको. लेखी उत्तर हवं.